यमूचे ‘येते’

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मुंबईस डॉक्टरी शिकणाऱ्या मुलीने तो ठेवावा तरी कशाला? तरीही हा अनुभव वाचकांपुढे मांडते... घडला तसा, पदरचे काही न घालता.

मी तेव्हा ठाण्यास, तळ्याकाठी मावशीकडे राहत असे. कल्याणास दादाची यमू, आठ वर्षांची, महिनाभर तापाने फणफणत होती. वैद्य हिवताप म्हणत. मी भेटायला गेले तेव्हा तिच्या छातीला नळी लावली, तो ठोक्यामागून स्पष्ट फूत्कार! पूर्वीच्या सांधेतापाने हृदयाची झडप अधू झालेली. आता तिच्यावरच व्रण.

“आत्या, आत काय बोलतंय गं?”

“तुझ्यासारखंच बडबडतंय, दुसरं काय!”

इलाज नव्हता. आमच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांना एकदा दाखवावे, एवढीच आशा. दादाचे पत्र आले होते — ‘ताप जरा उतरला की ठाण्यास आणतो.’

पुढच्या आठवड्यात, टळटळीत दुपारी, मी माजघरात वाचत होते. ओटीवरून यमूचा आवाज आला, “आत्या, येते गं!”

“ये, ये!” मी आनंदाने ओरडले.

मावशी चुलीपासून उठली. “आली का गं पोर? थांब, पायांवर पाणी घालते.”

ओटीवर कोणीच नव्हते. “वाटेवरूनच हाक मारली असेल, येतीलच,” म्हणत मावशीने दोन मुठी तांदूळ अधिक वैरले. मी यमूसाठी अंथरूण घातले.

दिवेलागणीला दादा आला. एकटाच.

“दुपारी गेली,” तो म्हणाला. “चार दिवस वाचाच नव्हती तिला. उजवं अंगही लुळं पडलेलं.”

वाचा का गेली, ते मला कळत होते. झडपेवरचा कण सुटून रक्तातून मेंदूत अडकला. त्याची आकृतीही मी काढून दाखवली असती.

“अरे, पण तिनं हाक मारली,” मावशी म्हणाली. “आम्ही दोघींनी ऐकली. ‘येते’ म्हणाली.”

दादा माझ्याकडे वळला. “आणि तू?”

मावशीच म्हणाली, “ही ‘ये’ म्हणाली रे.”

दादा ओटीवरच बसला. “बरं केलंस. आम्ही सगळे नुसते ‘जाऊ नको, जाऊ नको’ म्हणत होतो.”

एकाच वेळी दोघींना झालेला भास मी कोणत्या सदरात घालू? अजूनही मला उलगडा झालेला नाही. दादाची समजूत मात्र मी आजवर मोडलेली नाही. मी तिला निरोप दिलाच नव्हता. मी तिला घरात बोलावत होते.