शेंदऱ्याच्या काड्या

मुरबाडकडे आंब्याच्या कलमांचा विषय निघाला की अजूनही कुणीतरी म्हणतंच, धसईच्या बारकूदादाने लोकांना फसवलं. हे बोलणं मी निदान दहा वेळा ऐकलं आहे आणि दहाही वेळा चहा संपवून उठलो आहे. लिहायचं ठरवून बसायचो आणि दुसरंच काही लिहून उठायचो. आता पंचाहत्तरी उलटली. बारकूदादाने कुणालाही फसवलं नाही. फसवलं मी.

१९९६ साली मी शहापूरला फार्महाऊसचे प्लॉट विकणाऱ्या एका कंपनीत बागायत सुपरवायझर होतो. कंपनी मुरबाडकडच्या रस्त्याला माळरान घ्यायची, त्याचे तुकडे पाडायची आणि मुंबईच्या लोकांना विकायची. प्रत्येक प्लॉटवर आंब्याची दहा झाडं लावून द्यायची, असा करार असे. झाडं निवडायची, लावायची, जगवायची, हे माझं काम.

बारकूदादा भातशेती करणारा माणूस. त्याच्या बांधावर एक जुना रायवळ आंबा होता. आमच्याकडे रायवळाच्या चांगल्या झाडाला माणसासारखं नाव असतं. हा शेंदऱ्या. देठाशी शेंदरी, आत रेषा नाही, आणि एक फळ कापलं की घरभर वास. लावणी आटपली की बारकूदादा या झाडाची कोय कलमं बांधायचा. कोय कलम म्हणजे कोयीतून नुकतंच वर आलेलं तांबूस रोप मधोमध चिरायचं आणि त्यात हव्या त्या झाडाची काडी पाचरीसारखी बसवून पट्टीने बांधायची. खालची मुळं कुणाचीही असोत, फळ काडीच्या झाडाचं येतं. सगळा खेळ काडीचा.

तो कलमं विकत नसे. गावातली मुलगी लग्न होऊन गेली की पहिल्या पावसाळ्यात तिच्या सासरी एक कलम स्वतः पोचवून यायचा. आसपासच्या कितीतरी अंगणांत शेंदऱ्या असा पोचला होता.

शेंदऱ्याचं एक फळ मी कंपनीच्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी खाल्लं आणि विचारलं, "हे मुंबईत कुणाकडे नाही?"

"नाही."

"मग हेच. दोन हजार कलमं. त्या माणसाला सांगा, छंदाचा धंदा कर."

बारकूदादा आधी तयार होईना. म्हणाला, आवडीच्या कामाला दर लावला की त्याची मजुरी होते. मी पैशाचं बोललोच नाही. एवढंच म्हटलं, की भात सांभाळून वर्षातले पंधरा दिवस जे करतोस ते वर्षभर करता येईल. तो म्हणाला, मग परसात जाळी घालावी लागेल. ही त्याची आतली इच्छा होती आणि ती मी बरोबर हेरली होती, हे मला तेव्हाच कळलं.

उन्हाळ्यात त्याच्या परसात हिरव्या जाळीची शेड उभी राहिली. रस्त्याला बोर्ड लागला. कंपनीने माहितीपत्रकात त्याचा फोटो छापला, खाली 'बारकूदादांच्या हातचं कलम'. त्याची बायको जनाबाई मला म्हणाली, "फुकट वाटत व्हते तवा लोक हात जोडायचे. आता बोर्ड लावलाय तर येनारा पयला भाव करतो." बारकूदादा हसला. त्या दोन महिन्यांत तो जितका हसला तितका मी त्याला पुढे कधी हसताना पाहिला नाही.

जुलैत अडचण कळली. शेंदऱ्याने जेमतेम साडेचारशे काड्या दिल्या. कोवळी चालत नाही, जून झालेली चालत नाही. नेमकी काडी लागते. बारकूदादा म्हणाला, "बाकीची पुढच्या साली. झाड हाये ते, नळ नाय."

मी साहेबांना तसं सांगितलं. प्लॉट ताब्यात द्यायच्या तारखा ठरल्या होत्या. साहेबांनी मान वर न करता उत्तर दिलं, "तुम्ही बघा." नोकरीत या दोन शब्दांचा अर्थ असा, की काय केलं ते मला सांगू नका, पण करा.

मी बघितलं. दूरच्या एका ओळखीच्या बागेतून काड्या मागवल्या. कुठल्या झाडांच्या, ते विचारलंही नाही. ओल्या गोणपाटात बांधून त्या आल्या. जुड्यांना लेबलं मी बांधली आणि 'शेंदऱ्या' हे माझ्या हाताने लिहिलं. बारकूदादाला सांगितलं, शहापूरकडे शेंदऱ्याच्याच कोयीपासून वाढलेलं एक झाड सापडलंय.

त्याने एक काडी उचलली, नखाने साल खरवडली आणि नाकाला लावली. मग दुसरी. मग दुसऱ्या जुडीतली.

"ह्यो शेंदऱ्या नाय, भाऊसायेब."

"त्याच कोयीचा आहे, म्हटलं ना."

"कोयीची भावंडं सख्खी नसतात. तुमाला म्हायती हाये ते."

माहीत होतंच. कोयीपासून आलेला आंबा आईवर जाईलच असं नाही, म्हणून तर कलम बांधतात. मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. तो चिडून उठला असता. मी शांतपणे म्हटलं, "तुझं नाव छापून गेलंय, बारकूदादा. कलमं वेळेत नाही गेली तर लोक कंपनीला नाही, तुला हसतील."

त्याने जुडी मांडीवर घेतली. मग चाकू घेतला. नऊ दिवस बांधत होता. त्या नऊ दिवसांत माझ्याशी कामापुरतं बोलला.

आंब्याच्या कलमातली लबाडी लगेच दिसत नाही. झाड हिरवंगार वाढतं, मालक खूश असतो. चार-पाच वर्षांनी फळ येतं तेव्हा कळतं. २००२ च्या मे महिन्यात प्लॉटवाले शहापूरच्या ऑफिसात पिशव्या घेऊन आले. दहातली दोन झाडं शेंदऱ्या, बाकी आंबट, रेषाळ काहीतरी. साहेबांनी मला विचारलं. मी रजिस्टर पुढे केलं. त्यात लिहिलं होतं, सर्व कलमं बारकूकडून मिळाली. ते खरंच होतं. काड्या कुणी आणल्या, असा रकानाच रजिस्टरात नव्हता. मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

बारकूदादाला बोलावून घेतलं. तो धुतलेली टोपी घालून आला. बसा म्हटलं तरी उभाच राहिला.

"काड्या कुठून आणल्या?" साहेबांनी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टराकडे पाहिलं.

"वास आलेला मला," तो म्हणाला. "तरी बांधल्या. चूक माजी."

साहेबांना वासाचं काही कळलं नाही. त्यांना 'चूक माझी' एवढंच हवं होतं. ते त्यांनी लिहून घेतलं, त्याचा अंगठा घेतला आणि प्लॉटवाल्यांना दाखवलं.

बोर्ड त्याच आठवड्यात उतरला. त्या पावसाळ्यात त्याने गावातल्या एका मुलीच्या सासरी नेहमीसारखं कलम नेऊन दिलं, बांधावरच्या शेंदऱ्याचं, अस्सल. चार दिवसांनी ते जीपच्या टपावरून परत आलं. सासरच्यांनी निरोप धाडला होता, नको म्हणून. त्यानंतर त्याने कलम बांधलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी दोनदा धसईला गेलो. पहिल्यांदा त्याने माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मी त्याच्या भाताची. दुसऱ्यांदा मी "ते कलमांचं" एवढं म्हणालो आणि तेवढ्यात जनाबाई चहा घेऊन आली. चहा झाल्यावर पुन्हा सुरुवात करायला कुणाची हरकत नव्हती. मी केली नाही.

या धंद्यात येणाऱ्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे एकच आहे. लेबलवर जातीचं नाव सगळेच लिहितात. काडी कुणी आणली तेही लिहा, आणि लिहिणाऱ्याची सही घ्या.

२००९ च्या पावसात बारकूदादा गेला. दहाव्याला मी गेलो. माणसं पांगल्यावर जनाबाई माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "ते म्हनायचे, भाऊसायेब दोनदा आले न् दोनदा काय तरी बोलायचं ऱ्हायलं त्यांचं. तिसऱ्यांदा येतील म्हनायचे. काय व्हतं वो ते?"

मी म्हटलं, काही नाही, असंच. एसटीचा टाइम झाला.

एसटीला अजून पाऊण तास होता.