तळाची मूठ

त्या दिवशी सकाळी मी अन् बायकोनं दाण्याची कणगी झाडली. तुराट्यांची, शेणानं लिंपलेली, माझ्या कमरेएवढी. खळ्यावरून नवी ज्वारी यायची होती, म्हणून जुनी काढायची. मी आत वाकून सूप भरून देई, ती पोत्यात ओती.

तळ लागला. तिनं पोत्यातली मूठभर ज्वारी घेतली अन् परत आत टाकली.

"आता ह्ये कावून?"

"कणगी रिकामी ठिवू न्हाई."

"समदी काढ म्हनलं तं समदी काढावी. मूठभर ज्वारीत तुजं तेलगावचं म्हायेर जेवनार हाय व्हय?"

"म्हायेराला नका मधी आनू. तुमच्याच आईनं शिकवलंया. जुन्यावर नवी पडाय पायजे."

मी निजामाच्या अमलातल्या शाळेत दोन यत्ता शिकलेला. तिथं कुल, तमाम हे 'सगळं' सांगणारे शब्द कानावर पडले अन् मला फार आवडले. एकदा म्हटलं की काम मिटलं. तिचं तसं नव्हतं. भाकर अख्खी वाढायची, घागर पुरी भरायची, पोरींना द्यायचं ते समदं द्यायची. दाण्याला मात्र यातला एकही शब्द लावायची नाही. मी म्हणालो, "येडी हायस." ती सूप झाडत राहिली.

दुपारी छातीत कळ आली म्हणून भिंतीला टेकून बसली. पाणी आणेपर्यंत गेली. दिवस मावळायच्या आत लोकांनी तिला नेऊन जाळलीसुद्धा. परतताना कोणी म्हणालं, सगळं नीट झालं. सगळं म्हणजे काय, ते मला कळेना. सूप अजून कणगीला टेकूनच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ आलं. खळ्यावरची ज्वारी भिजेल म्हणून चुलतभावानं सुतकातच गाडी भरून आणली. पोतं खांद्यावर घेऊन दारात उभा.

"दादा, कणगी समदी रिकामी हाय न्हवं? वतू?"

"थांब बे."

मी वाकून तळाची ज्वारी मुठीत धरली. तिच्या हातानं टाकलेले दाणे. नवी वरून पडली की यातला एकसुद्धा पुन्हा ओळखू यायचा नाही. धोतराच्या सोग्यात बांधून ठेवावे, तर कणगी रिकामी होते, अन् तेच तिला नको होतं. ठेवावे, तर गेले. काढावे, तरी तिचं मोडलं.

"दादा, खांदा भरून आला की माजा. वतू का न्हाई?"

मूठ तळाशीच उघडली. "वत," म्हणालो.

हात मात्र काढला नाही. ज्वारी कोपरापर्यंत आली, तेव्हा काढला.