वर्दीच्या वहीतलं निरंक

समजा, तुम्ही अठ्ठावन्न वर्षांचे आहात आणि तुमच्यापुढे निवृत्तिवेतनाचा फॉर्म आहे. नाव लिहायचं, जन्मतारीख लिहायची, उंची लिहायची, बायकोसोबतचा फोटो डकवायचा. मग एक रकाना येतो : शरीरावरची ओळखखूण. नोकरीला लागताना सेवापुस्तिकेत जी लिहिली तीच इथे यायला हवी, आणि डॉक्टरांनी ती डोळ्यांनी पाहून सही करायला हवी. तुम्ही सेवापुस्तिका उघडता. तेहेतीस वर्षांपूर्वीच्या निळ्या शाईत लिहिलेलं असतं, ‘डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूस मसुराएवढा तीळ’. तुम्ही बाही वर करता. तीळ नाही. तेव्हाचं मनगटच राहिलेलं नाही. काय लिहाल?

यादोराव कापगते यांच्यावर ही वेळ १९८६च्या मार्चमध्ये आली. नगरपालिकेच्या बंबखान्यात ते लीडिंग फायरमन होते, म्हणजे बंबावर जाणाऱ्या माणसांचे मुखिया. मेअखेर निवृत्ती होती. त्यांच्या डाव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत तांबूस, कुठे चकचकीत तर कुठे चुण्या पडलेली होती. तीळ त्या जागेसकट जळून गेला होता.

आस्थापनेचे बाबू केवळराम स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनी सोपी वाट सुचवली.

“तीळ लिवून टाका ना, यादोरावजी. तुमची बाही कोण वर करून पाह्यते?”

“डॉक्टर पाह्यते.”

“डॉक्टरले मी सांगतो.”

“मी नसल्यावर घरवालीच्या, गिरजाच्या पेन्शनच्या कागदाले कोणी हरकत घेतली, तर तिनं कोणाले सांगावं? खोट्या खुणेवर मी सही करत नाई, बाबू.”

केवळरामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हात नोकरीत भाजला असं सिद्ध करा, ते म्हणाले. कोणत्या आगीत, कोणत्या तारखेला, ते दाखवा. म्हणजे डॉक्टर तिळाऐवजी भाजल्याचा व्रण लिहितील. नाहीतर सेवापुस्तिकेतला माणूस आणि समोरचा माणूस एकच आहे, हे वरचे साहेब मानणार नाहीत, आणि प्रकरण परत येईल.

तारीख यादोरावांना तोंडपाठ होती. नोव्हेंबर १९७४, भर दुपारी, बपेऱ्याचं खळं. धानाच्या पुंजण्यांना आग लागली होती आणि वारं गोठ्याकडे होतं. मळणीआधी रचून ठेवलेलं वर्षभराचं धान ते. पण यादोरावांनी आधी गोठा धरला. बंबावरचा साथीदार डोमा नान्हे ओलं पोतं डोक्यावर घेऊन आतल्या धुरात शिरला आणि बैलांची दावी कापत राहिला. शेवटचा बैल सुटतानाच छपराचा जळता वासा खाली आला. तो यादोरावांनी डाव्या हातावर झेलला.

वर्दी म्हणजे आगीची खबर. प्रत्येक वर्दीची नोंद बंबखान्यातल्या वहीत होते : वेळ, ठिकाण, कारण, नुकसान आणि शेवटी जखमी. केवळरामांनी चौऱ्याहत्तर सालची वही काढायला लावली. ती आली, धूळ झटकली गेली, पान सापडलं. जखमी : निरंक. म्हणजे कोणीही नाही.

“अक्षर कोणाचं हे?” केवळरामांनी विचारलं.

“माझंच.”

“मंग वहीच्या हिशोबानं तुमचा हात शाबूत हाये.”

बंबखान्यात जखमीच्या रकान्यात कधीच कोणाचं नाव पडत नसे. नाव पडलं की खुलासा मागितला जाई : हातमोजे का घातले नव्हते, बूट का नव्हते. मोजे होते कुठे घालायला? शिवाय जखमी माणसाला बंबावरून उतरवून टपाल वाटायला लावत. त्यापेक्षा घरी जाऊन चुन्याची निवळी आणि खोबरेल तेल लावलेलं बरं, असं सगळ्यांचं ठरलेलं. रकाना कोरा सोडता येत नाही म्हणून निरंक लिहायचं. त्यात थोडी ऐटही होती. यादोरावांच्या हाताला महिनाभर गिरजाबाईंनीच तेल लावलं होतं. दवाखान्याचा एक चिटोरा नव्हता. मी सांगू का तुमच्या बाबूले, असं त्यांनी विचारलं, पण बायकोची साक्ष चालत नव्हती.

तेव्हा साक्षीदार हवे होते, आणि शपथपत्रं. यादोरावांनी रजा टाकली आणि एसटी धरली. आधी बपेरा. गोठ्याची मालकीण केशरबाई आता थकली होती, पण हात पाहून तिने लगेच ओळखलं. शपथपत्रासाठी ती सुनेचा हात धरून तहसीलीपर्यंत आली.

दुसऱ्या फेरीत कोंढा. डोमाची नोकरी एकोणऐंशी साली सुटली होती. आता तो भावाच्या शेतावर बसून पाखरं हाकत होता. चार शब्द बोलला की खोकला, मग दम, मग पुढचे चार शब्द.

“सायेब आले वाट्टे,” तो म्हणाला. “रिटायर होऊन राहिला म्हणे गा तू. आता तुले आगी कोण दाखवन?”

यादोरावांनी सगळं सांगितलं. डोमाने एकही प्रश्न न विचारता सही केली. कागद घडी करून खिशात ठेवला तरी यादोराव उठले नाहीत.

“तुह्या कागदाचं काय झालं होतं?”

“काय होते? छाती खराब म्हणून मोकळा केला. धुरानं झाली म्हटलं, तं वही काढली. वहीत निरंक. मंग सायेब म्हणे, खोकला बिडीचा.” डोमा थांबला, खोकून घेतलं. “मी बिडी पेत नव्हतो, तुले ठाऊक हाये.”

“मले काहून नाई सांगतलं?”

“तुले सांगून काय? लिवलं तं तूच होतं.”

हे तो रागाने म्हणाला नव्हता. त्यामुळेच यादोरावांना परतीच्या एसटीत खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी व्रण पाहून नोंदला, दोन्ही शपथपत्रं जोडली गेली, आणि केवळरामांनी प्रकरणावर शिक्का मारला. झालं तुमचं, म्हणाले. यादोरावांनी खिशातून आणखी एक कागद काढून टेबलावर ठेवला. डोमा नान्हे याला बपेऱ्याच्या आगीत धूर लागला होता आणि ‘जखमी : निरंक’ ही नोंद आपण स्वतः चुकीची केली होती, असं त्यांनी आपल्या शपथपत्रात लिहिलं होतं.

केवळरामांनी ते दोनदा वाचलं. “हे दिलं तं तुमच्यावरच चौकशी लागन. तीही निवृत्तीच्या तोंडावर. अन् सात वर्सं झाली त्याले.”

“लागू द्या.”

“अशी वही दुरुस्त झालेली मीनं तरी पाह्यली नाई.”

“मीनं तरी कुठं पाह्यली? पोच द्या.”

केवळरामांनी पोच लिहून दिली. यादोरावांनी तिच्यावरची तारीख तपासली. मग वर्दीच्या वह्यांच्या कपाटाकडे पाहत, उभ्याउभ्याच विचारलं, “बाबू, लिवाचा हक मले होता. मंग खोडाचा हक कोणाले हाये?”