दादाचा पक्ष

शाळेत मी वर्षानुवर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. मतदार आपलं हित पाहून, विचार करून मत देतो, असं मुलांना सांगितलं. निवृत्त झाल्यावर रत्नागिरीजवळच्या गावी थोरल्या भावाकडे राहायला आले, तेव्हा दादाची वेगळीच तऱ्हा पाहिली.

दादाची आणि शेजारच्या बागायतदाराची मैत्री लहानपणापासूनची. दोघांच्या आंब्याच्या बागांमध्ये चिऱ्यांचा गडगा म्हणजे दगडी कुंपण, त्यात ये-जा करायला मोकळी ठेवलेली वाट. पक्षही एकच. मग पक्ष फुटला. शेजारी एका गटात गेला, दादा दुसऱ्यात. थोड्याच दिवसांत दादाने ती वाट करवंदीचे काटे टाकून बंद केली.

"दोन गटांत फरक काय रे?" मी विचारलं.

"आमच्या माणसाने बागेपर्यंत रस्ता आणलान."

"तो पक्ष फुटायच्या आधीचा. तेव्हा तुम्ही सगळे एकत्रच होतात की."

दादाने सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाला, "तुला नाही कळायचं गो. संध्याकाळी ज्यांच्यात बसतो, ते सगळे इकडे आले. मी एकटा तिकडे जाऊन काय करू?"

इतकं खरं उत्तर मला दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी तो फोनवर कुणाला तरी पुन्हा रस्त्याचंच कारण सांगत होता, आणि त्याचा स्वतःचाही त्यावर पूर्ण विश्वास बसलेला होता.

उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या बाजूचं वाळलं गवत पेटलं. धूर दिसताच दादा ते काटे हाताने बाजूला फेकून धावला. मागून वहिनी आणि मी कळश्या घेऊन. दोघे म्हातारे ओल्या फांद्यांनी आग झोडपत होते. "डावीकडे बघ," एवढंच शेजारी बोलला. कलमं वाचली. दोघांचेही पाय पोळले होते. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

सकाळी दादा लंगडत गेला आणि काटे पुन्हा लावून आला.

"काल तर धावलात," वहिनी म्हणाल्या.

"आग लागली की माणूस जातोच. त्याचा याच्याशी काय संबंध?"

यंदा दोन्ही गटांचे पुढारी एकत्र आले. शहरात सभा झाली, दादा गेला, शेजारीही गेला. दोघांच्या गळ्यात एकाच रंगाचं उपरणं. संध्याकाळी दादा परतला तेव्हा मी विचारलं, "दोघं बोललात का?"

"ते लोक वेगळे बसतात."

"आता तर एकच पक्ष झाला."

"पुढाऱ्यांचं काय, ते कधीही एक होतील."

वहिनींनी आमटी गरम करायला ठेवली. दादा पाय धुऊन पाटावर येऊन बसला, आणि आम्ही तिघं जेवलो.