होडीची फेरी वगळून

बुधवार पेठेत रेडिओच्या दुकानावरच्या खोलीतून वल्लरी आपटे बारा वर्षं पुणेकरांना कोकण दाखवत होती. लोक यायचे ते चोगलेकाकांच्या होडीतून समुद्रात फेरी मारायला. पण होडीच्या परवान्याचं नूतनीकरण पुण्यातल्याच एका कार्यालयात चौदा महिने अडकलं आणि निम्म्या गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली.

एका रविवारी त्या कार्यालयातले साहेबच बायकोला घेऊन सहल ठरवायला आले. त्यांनी वल्लरीला ओळखलं नाही. परवान्यासाठी ती त्यांच्या टेबलासमोर उभी असताना त्यांनी कधी मान वर केलीच नव्हती.

"होडी का वगळलीत? आम्ही तेवढ्यासाठीच आलोय."

"परवाना आपल्याच टेबलावर आहे. डावीकडच्या गठ्ठ्यात, खालून तिसरी फाइल."

"आज सुट्टी आहे. ऑफिसचं काम ऑफिसात."

"तिथे आले की आपण चहाला गेलेले असता."

साहेबांच्या बायकोने नवऱ्याकडे असं काही पाहिलं की मंगळवारी सहीशिक्क्यानिशी परवाना हजर! दोन दिवसांचं काम होतं तर. वल्लरीला आनंद झाला नाही, किळस आली. तिने चोगलेकाकांना फोन लावला.

"होडी विकली, ताई. मी आता खराडीत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहे. किती वाट बघायची?"

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "आता होडी आहे ना?"

"परवाना आहे. तो घेऊन पाण्यात उतरा," असं म्हणून वल्लरीने फोन ठेवला.