मोर्शीच्या अलीकडे पेटलेला दिवा

नोकरीची शेवटची अडीच वर्षं मला अमरावतीची पोस्टिंग मिळाली. रँक हवालदार, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. घर अकोल्याला, म्हणून मी अर्ज करून ती मागून घेतली होती. युनिट लहान होतं. कॉलेजच्या मुलामुलींना ड्रिल आणि रायफल शिकवायची, कॅम्प लावायचे, दोन गाड्या चालू ठेवायच्या. सकाळी पीटी, मग परेड, मग मी गाडीखाली. बर्फात आणि वाळूत इंजिनं उघडण्यात उमेदीची वर्षं गेल्यावर हा आरामच आहे, असं घरचे म्हणायचे.

पण त्यात एक ड्युटी होती. जिल्ह्यातला जवान गेला की पार्थिव उतरवून घेण्यापासून अंत्यसंस्कारापर्यंतची व्यवस्था आमच्याकडे यायची. गार्ड, बिगुल, पुष्पचक्र, गाड्या. माझ्या वाट्याला गाड्या. अशा दिवशी मी घरी येऊन तसाच आडवा व्हायचो.

नायक रवींद्र तायडे शेंदूरजनाघाटचा. उत्तरेत चौकीवर रसद पोहोचवताना त्याच्या तुकडीवर बर्फाचा कडा कोसळला. हवामान खराब आहे, पार्थिव यायला दोन दिवस लागतील, असा पहिला निरोप होता. त्याची बायको मनीषा अकोल्यात एका दवाखान्यात स्टाफ नर्स होती. तिचा भाऊ पुण्याहून निघाला होता, तो तिला घेऊन दुसऱ्या दिवशी गावी जाणार होता. पण हवामान उघडलं आणि पहाटे निरोप बदलला. विमान सकाळीच नागपूरला उतरणार, दुपारी पार्थिव गावात. भाऊ अजून वाटेतच होता.

युनिटच्या दोन्ही गाड्या नागपूरच्या रस्त्याला लागल्या. सुभेदार ठाकरे साहेब चांदूर बाजारचे. त्यांनी स्वतःच्या गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. जुनी पांढरी पेट्रोल गाडी, त्यांच्या वडिलांपासूनची.

"अकोल्याले जा. पोरीले घे, थेट गावात आण. मी तिथं हावो."

"येस सर."

अकोल्यात ती गल्लीच्या तोंडाशी बॅग घेऊन उभी होती. शेजारच्या दोघी बायका सोबत होत्या. मला काही सांगावं लागलं नाही. मागे बसलं की मळमळतं म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसली. अमरावतीपर्यंत ती बॅग मांडीवर धरून बसली.

अमरावती सोडून आम्ही मोर्शी रस्त्याला लागलो. ऊन चढलं होतं. एका गावातल्या गतिरोधकावर गाडी हळू केली तेव्हा डॅशबोर्डवरचा ऑईलचा लाल दिवा लुकलुकला. वेग घेतला, विझला. पुढच्या गतिरोधकावर पुन्हा. मोर्शी थोडी राहिली असताना तो चालत्या गाडीत पेटला आणि पेटलेलाच राहिला. मी क्लच दाबला, इंजिन बंद केलं आणि गाडी गडगडत कडुनिंबाखाली नेऊन थांबवली.

"काय झालं भाऊ?" तिनं विचारलं.

मी सांगितलं की हा दिवा ऑईलच्या प्रेशरचा आहे. प्रेशर खरंच गेलं असेल आणि गाडी तशीच दामटली, तर इंजिन काही मिनिटांत जाम होईल. मग गाडी इथंच राहील.

तिनं त्या दिव्याकडे पाहिलं. "आमच्याकडे मॉनिटरवर बीपी कमी दिसला तं आमी आधी हातानं मोजून पाहतो. मशीन खोटं बोलून राहिलं का पेशंट खरंच गेला, ते पाहा लागते."

ती बरोबर बोलत होती. मी बॉनेट उघडलं.

आधी डिपस्टिक, ऑईल मोजायची पट्टी. लेव्हल ठीक होती, म्हणजे ऑईल कमी पडलेलं नव्हतं. दोन बोटांत चोळलं तर पाण्यासारखं पातळ. पेट्रोलचा वास नव्हता, म्हणजे ऑईलमध्ये पेट्रोल मिसळलेलं नव्हतं. मग इंजिनच्या ब्लॉकवरच्या, दिवा पेटवणाऱ्या प्रेशर स्विचची वायर काढली आणि मनीषाताईंना किल्ली फिरवायला सांगितलं. दिवा पेटला नाही. म्हणजे वायर कुठं घासून बॉडीला टेकलेली नव्हती. आता दोनच शक्यता उरल्या. स्विच खराब, नाहीतर दिवा खरं सांगतोय. क्षणभर इंजिन चालू करून कान लावला. वर टॅपेटची कोरडी टकटक होती. खालून, क्रँककडून, ठोके नव्हते, म्हणजे इंजिन आतून अजून तुटलेलं नव्हतं. लगेच बंद केलं.

यापुढे अंदाज चालत नाही. गेज लावून मोजावं लागतं, आणि गेज माझ्याजवळ नव्हतं.

ठाकरे साहेबांना फोन केला.

"सर, ऑईल प्रेशर ड्रॉप. मोर्शीच्या अलीकडे आहे."

"इंजिन जाईन?"

"तसंच चालवलं तर जाईल."

"गेलं तं गेलं. पोरगी पोचली पायजे. काय करा लागते ते तू ठरव. आउट."

वायरलेसवर बोलणं संपवताना म्हणतात तसं फोनवरही आउट म्हणायची त्यांची सवय होती.

संत्र्याच्या रिकाम्या कॅरेट घेऊन जाणारा एक ट्रॅक्टर थांबला. त्याला दोर बांधून आम्ही मोर्शीत आलो. रस्त्यालगत रफिकभाईंचं ट्रॅक्टरचं गॅरेज होतं. मी युनिफॉर्मात होतो. कुठं चाललो ते सांगितल्यावर त्यांनी चालू काम बाजूला ठेवलं, मनीषाताईंना आत पंख्याखाली खुर्ची दिली आणि दुसरी गाडी मिळते का म्हणून फोन लावले. त्या दिवशी लग्नाची दाट तीथ होती. सगळ्या जीपा वऱ्हाडात गेलेल्या. एस.टी. तासाभरानं होती, वरुडला बदलावी लागणार होती. मी ताईंना तसं सांगितलं.

"तुमी आधी गाडी पाहा," ती म्हणाली. पंख्याखाली न बसता ती येऊन बॉनेटजवळ उभी राहिली.

स्विच काढून त्याच्या जागी रफिकभाईंचं गेज लावलं. इंजिन चालू केलं. काटा शून्यावरून जेमतेम हलला. रेस दिली, थोडा वर आला आणि परत बसला.

"मशीन खरं बोलत होतं," ती म्हणाली.

"हो ताई."

रफिकभाई म्हणाले, बेअरिंगं गेली असतील, इंजिन खोलावं लागेल. मलाही तीच भीती होती. बेअरिंग झिजून फट वाढली की ऑईल तिथून निसटतं आणि प्रेशर धरत नाही. पण झीज हळूहळू वाढते. सकाळी अकोल्यापर्यंत दिवा एकदाही पेटला नव्हता. एका सकाळीत एवढी घसरण म्हणजे काहीतरी अडकलंय. या जुन्या इंजिनांत ब्लॉकच्या मागच्या अंगाला गोल डोक्याचा एक नट असतो. त्याच्या मागे स्प्रिंग आणि दट्ट्यासारखा प्लंजर, म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह. प्रेशर जास्त झालं की तो उघडतो आणि जादा ऑईल परत खाली सोडतो. तो उघडाच अडकला तर सगळंच ऑईल खाली जातं.

इंजिन तापलेलं होतं. नट सोडवताना मनगट भाजलं. स्प्रिंग बाहेर आली, शाबूत होती. प्लंजर येईना. बारीक पक्कडीनं ओढून काढला. त्याच्या कडेला काळा, कडक झालेला मळ आणि पत्र्याचा एक बारीक कपटा. डिझेलनं धुतला, बसायची जागा पुसून घेतली, परत बसवला. मी हे करेपर्यंत रफिकभाईंनी जुनं ऑईल सोडून जाड ग्रेडचं भरलं.

परत स्टार्ट. काटा वर गेला आणि थांबला. प्रेशर पुरेसं नव्हतं, पण होतं. आयडलला, म्हणजे रेस न देता, पंधरा, रेस दिली की चाळीसच्या आसपास. बेअरिंगं झिजलेलीच होती. रफिकभाईंचं तेवढं खरं होतं. पण सावकाश नेली तर पोहोचण्यासारखं होतं.

गेज तसंच ठेवायचं ठरवलं. त्याची रबरी नळी लांब होती. बॉनेटच्या कडेतून काढून डाव्या खिडकीतून आत घेतली. गेज मनीषाताईंच्या हातात दिलं. चालत्या गाडीत काटा वीसच्या खाली गेला तर लगेच सांगायचं, एवढं बोललो. तिनं ते दोन्ही हातांत धरलं.

मोर्शी सोडली. मी चाळीसच्या वर वेग जाऊ दिला नाही. ट्रक, मोटारसायकली, वऱ्हाडाच्या जीपा, सगळे हॉर्न मारत पुढे गेले. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे सुरू झाले. तिची नजर गेजच्या काट्यावर होती.

"चाळीस."

काही वेळानं, "अडतीस."

वरुडच्या अलीकडे तिनं आकडा सांगितला आणि पुढे बोलू लागली. काट्यावरची नजर न काढताच. रवींद्र सुट्टीवर यायचा तेव्हा तिची ड्युटी असली की तो अकोल्यात खोलीवर बसून स्वयंपाक करायचा. भाजीत तिखट फार घालायचा. शेवटच्या फोनवर त्यांचं भांडण झालं होतं, बदलीच्या अर्जावरून. ती म्हणत होती गावाजवळ बदली घेते, तो म्हणत होता अकोल्यातच राहा. फोन मध्येच तुटला. नेटवर्क गेलं असेल, नाहीतर त्यानंच ठेवला असेल. तिला ते कळलेलं नव्हतं.

"आता कोणाले विचारू?" ती म्हणाली.

चौकीवरचे फोन कसे तुटतात ते मला माहीत होतं. नेटवर्कच गेलं असेल, असं म्हणता आलं असतं. पण मी तिथं नव्हतो.

"पस्तीस," ती म्हणाली.

शेंदूरजनाघाटच्या वेशीवर ठाकरे साहेब उभे होते. पार्थिव नुकतंच आलं होतं, घरासमोर ट्रक उभा होता. साहेबांनी कलेक्टर ऑफिसच्या माणसांना, सरपंचांना, सगळ्यांना थांबवून ठेवलं होतं. पत्नी आल्याशिवाय पेटी उतरणार नाही, एवढंच ते प्रत्येकाला सांगत होते. मनीषाताईंनी गेज माझ्याकडे दिलं, ओढणीला हात पुसले आणि ती गर्दीत शिरली. बायकांनी वाट करून दिली.

पेटी तिच्यासाठी उघडली. आम्ही पाठ फिरवून उभे राहिलो. नंतर भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं. गार्डनं सलामी दिली, बिगुल वाजला. गावातली लहान पोरंसुद्धा गप्प होती. साहेबांनी घडी केलेला तिरंगा तिच्या हातात ठेवला. मी उजव्या बाजूला सावधानमध्ये होतो. भाजलेलं मनगट ठणकत होतं आणि मला कुठंतरी बसावंसं वाटत होतं.

गाडीचं इंजिन पुढे अमरावतीत उघडलं. बेअरिंगांचा थर घासून खालचं तांबं दिसत होतं. साहेबांनी एक बेअरिंग हातात घेऊन पाहिलं आणि खाली ठेवलं.

अंत्यसंस्काराच्या संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर रवींद्रचे वडील बाहेर बाजेवर बसले होते. मला हातानं बोलावून शेजारी बसवलं. मग म्हणाले, "सुट्टीवर आला का पयले दोन दिवस तो नुसता झोपे. जेवाले बी उठे नाई. त्याची माय घाबरे. मी म्हणो, झोपू दे त्याले, लय दिवसाचा जागा हाये. कोणी अंगणात आवाज केला का मी रागवो."

नायक रवींद्र तायडे. वय एकतीस. मी त्याला कधी भेटलो नव्हतो.