सोमवारचे मूठभर दाणे

केदारखेड्यात झुंबरबाईंच्या गोठ्यात आता बैल नव्हते. तारेच्या पिंजऱ्यांत पाच ससे होते. आणि ससे तरी कसे! कान, डोळे, नाक सगळं लोकरीत बुडालेलं. बघायला आलेला माणूस आधी म्हणायचा, कापूस का कोंडून ठेवलाय? आणि मग कापसानं कान हलवला की दचकून मागं सरायचा.

ते आणले होते मुलानं, रामप्रसादनं. तो जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या भट्टीपुढं उभा राही. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. ससे टिकले, लोकर चांगली निघाली, तर पिंजरे वाढवायचे आणि भट्टी सोडायची, एवढंच त्याचं स्वप्न. थंड मुलखातलं जनावर आपल्या उन्हात जगावं म्हणून त्यानं गोठ्याला ओली गोणपाटं लावली, घरातला कूलर उचलून तिथं नेला. माणसं उकाड्यात झोपली.

खाण्याचा नेम त्यानं बायकोला, शालूला, पक्का पढवला होता. पेंड आणि भरडा खाल्ला की लोकर दाट येते, लांब येते. पण ससा दिवसभर स्वतःला चाटतो, लोकर पोटात जाते, आणि सशाला ओकता येत नाही. ती पुढं ढकलायला गवताचा चोथाच लागतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस नुसतं वाळलं गवत आणि पाणी. दाणा बिलकुल नाही. वार ठरला सोमवार. गावाच्या उपासाचा वार, ध्यानात राहायला सोपा.

इथंच घात झाला.

झुंबरबाईंच्या आयुष्यात एक जुना सोमवार होता. सोळाव्या वर्षी त्या या घरात आल्या. सासू करारी, भाकरीचं टोपलं तिच्या नजरेखाली. पहिली मुलगी अंगावर पीत असतानाही सासूनं सोमवारचा उपास सोडू दिला नाही. अंगावरचं दूध आटलं. मुलगी श्रावण सरायच्या आत गेली. त्या दिवसापासून झुंबरबाईंनी उपास धरला नाही, आणि शालू सून होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं, की या घरात बाई उपाशी झोपणार नाही.

आता सोमवारी ससे जाळीला नाक लावून बसत. मुकं जनावर, हाक मारत नाही, फक्त बघतं. शालू गवत टाकून शेतात गेली की झुंबरबाई ओच्यात भरडा घेऊन येत आणि पिंजऱ्या-पिंजऱ्यात मूठ मूठ सोडत. दाणा मिळाल्यावर गवताला कोण विचारतो? ते तसंच पडून राही. झुंबरबाई ते गोळा करून शेजारच्या शेळीपुढं टाकत.

लोकर मात्र अशी आली की बघत राहावं. कात्रीखालून ती धुरासारखी सुटे. झुंबरबाईंचे कारभारी हयात असताना गावच्या नाटकात राजाचं काम करत. त्यांच्या मखमली अंगरख्याची पत्र्याची पेटी मागं उरली होती. अंगरखा कसरीनं केव्हाच खाल्ला. त्या रिकाम्या पेटीत कडुनिंबाचा पाला घालून त्यांनी लोकर भरली, आणि पेटी पुन्हा भरली म्हणून समाधानानं झाकण लावलं.

मग झाडताना लेंड्या दिसू लागल्या, लोकरीच्या केसांत ओवलेल्या, माळेसारख्या. मग त्या बारीक झाल्या. झुंबरबाईंनी झाडून टाकल्या.

पावसाळ्यात एक ससा खायचा थांबला आणि चौथ्या दिवशी गेला. पंधरा दिवसांनी दुसरा. तिसरा गेला तो सोमवारी. रामप्रसादनं त्याचं पोट चिरलं. आत लिंबाएवढा लोकरीचा गोळा निघाला, घट्ट, दाबून बसवल्यासारखा. भरल्या पोटानं जनावर उपाशी मेलं होतं.

"गवत टाकतच न्हवतीस ना?" तो शालूला म्हणाला. आवाज चढला नव्हता. म्हणून जास्त लागला. "तुझ्या हातानं मेले हे. आता भट्टीतच मरतो मी."

शालूनं मेलेला ससा गोणपाटात गुंडाळला. झुंबरबाई ओट्यावर बसून राहिल्या. दिवस मावळला, ताटं मांडली, आणि शालूनं आपलं ताट वाढूनच घेतलं नाही. चुलीकडं तोंड करून बसली.

सोमवार, आणि या घरात सून उपाशी. झुंबरबाई ओट्यावरून उठून आत आल्या.

"रामा," त्या म्हणाल्या, "तिनं टाकलेलं गवत म्या उचलत होते. दर सोमवारी म्या दाणे घातले."

रामप्रसादनं शालूकडं बघितलं.

"मला माहीत होतं, आत्याबाई," शालू न वळता म्हणाली.

"मंग बोलली का न्हाईस, बाई?"

"पहिल्याच दिवशी बोलणार होते. तुम्ही पिंजऱ्याशी बोलून राह्यल्या होत्या. खा गं माझी सोनी, म्हणून. मंग न्हाई बोलवलं."

रामप्रसादनं हातातला घास ताटात ठेवला, हात धुतला आणि मोटारसायकल काढली. रात्रपाळी होती. त्याच्यामागं झुंबरबाईंनी शालूपुढं ताट सारलं, आणि ती चार घास खाईपर्यंत हलल्या नाहीत.

गुरुवारी चौथा ससा गेला.

पुढच्या सोमवारी शालूनं गवत टाकलं, पण ती शेतात गेली नाही. उंबऱ्यात बसून राहिली. तिच्याशेजारी झुंबरबाई. ओचा रिकामा, दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. उरलेला एकटा ससा जाळीला नाक लावून त्यांच्याकडं बघत होता. ऊन भिंतीवरून खाली उतरलं तरी त्यानं गवताची एक काडीही तोंडात धरली नव्हती.